गावकीच्या मैदानावर कायमचा मंडप बांधावा का?

सहाणेजवळ, ८ फेब्रुवारी

नमस्कार मंडळी. प्रश्न आमच्या गावापुरता आहे, पण कोकणपट्टीत बहुतेकांच्या गावात तो कुठल्या ना कुठल्या रूपात आला असेल, म्हणून इथे मांडतो.

गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, समुद्राला लागून. नाव मुद्दाम देत नाही. एसटीच्या थांब्यामागे साधारण वीस गुंठ्यांचं मोकळं मैदान आहे. एका कडेला सहाण, म्हणजे पालखी बसवायचा चौथरा, तिच्यासमोर होळीचा खड्डा, समुद्राकडे सुरूची रांग. शिमग्यात ग्रामदेवीची पालखी देवळातून निघून या सहाणेवर बसते. बाकी वर्षभर तिथे पोरं क्रिकेट खेळतात, खारवी वाडीतल्या बाया मासळी सुकत घालतात, दर्ग्याच्या उरुसाला चार दुकानं लागतात, लग्नाच्या गाड्या उभ्या राहतात. आजवर मालक कोण असं कोणी विचारलं नाही.

मुंबईच्या मंडळाने गेल्या गणपतीत वर्गणी जमवली. सहाणेवर आणि पुढच्या अर्ध्या मैदानावर पत्र्याचा कायमचा मंडप, खाली पेव्हर ब्लॉक, मागच्या बाजूला संगमरवरी गाभारा करून त्यात देवीची नवी मूर्ती, खांबांवर चार कर्णे. भोवती कुंपण आणि फाटक, पावित्र्य राहावं म्हणून. २२ तारखेला विशेष ग्रामसभा आहे.

मी बारा वर्षं पालखीला खांदा देतोय. पालखी खांद्यावर आली की जे होतं ते मला शब्दांत सांगता येत नाही, आणि ते मला माझ्या खोलीतल्या देव्हाऱ्यासमोर कधी झालेलं नाही. भररस्त्यात, ढोलांच्या आवाजात, शंभर माणसांच्या घामात होतं. त्यामुळे देव घराबाहेर नको म्हणणाऱ्यातला मी नाही. तरीही हा आराखडा पाहिल्यापासून माझ्या पोटात खड्डा पडलाय. का ते नीट मांडता येत नाही. विरोध करायला उठलो तर देवीच्या कामात आडवा आला असं होईल. गप्प बसलो तर त्या फाटकाला कुलूप लागलेलं मला आताच दिसतंय.

तुमच्याकडे असं काही झालं असेल तर कसं सोडवलंत, सांगा.

चाकरमानी_परळ, ८ फेब्रुवारी

तुमचं गाव माझं नाही, पण आमच्या गावाच्या मंडळाचं काम मी पंधरा वर्षं करतोय, म्हणून दुसरी बाजू सांगतो.

माझे वडील गिरणीत होते. १९८२ च्या संपात काम गेलं, तरी त्या शिमग्याला ते उसने पैसे घेऊन गावी गेले, कारण पालखी घरी येणार आणि दार बंद दिसणार हे त्यांना सहन होणारं नव्हतं. मुंबईत दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या माणसाला गावाने दिलेली ही एकच मोठी जागा असते. त्या जागेसाठी काहीतरी करावं असं आम्हाला वाटतं, त्यात दिखावा नसतो.

आणि अडचण खरी आहे. दोन वर्षांपूर्वी माझी आई पालखी सहाणेवरून उठेपर्यंत भर दुपारी उभी होती, चक्कर येऊन पडली. रात्री नमनाच्या खेळाला एक वाजता उभं राहायचं तर दंव पडतं, मृदंग उतरतो, म्हातारी माणसं कुडकुडतात. पत्रा घातला तर कोणाचं काय जातं?

देऊळ बांधलं की जागा बंद होते असंही नाही. रत्नागिरीचं पतितपावन मंदिर १९३१ साली भागोजीशेठ कीर यांनी सावरकरांच्या सांगण्यावरून बांधलं, ते सगळ्या जातींना खुलं करण्यासाठीच. बांधकाम माणसं जोडायलाही करता येतं. तेव्हा बांधणाऱ्याचा हेतू आधी विचारा.

स्पष्टवक्ता, ९ फेब्रुवारी

माझं मत सरळ आहे. भक्ती घरात किंवा देवळात. रस्ता, मैदान, शाळा, कचेरी यांवर कोणत्याच धर्माचं काही नको. एकाला दिलं की दुसऱ्याला नाकारता येत नाही.

देवळाशेजारी, ९ फेब्रुवारी

स्पष्टवक्ता, तुमचा नियम शहरातल्या कचेरीला लागू होईल. आमच्याकडे तो लावायचा तर देवच गावाबाहेर काढावा लागेल. वेशीवर राखणदार, खाडीच्या तोंडावर देवचाराची जागा, विहिरीवर सातीआसरा, देवराईत स्थळदेव. कोकणातला अर्धा देव उघड्यावरच बसलाय. देवरायांचा अभ्यास माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात केला. आज त्या रायांमध्ये जी जुनी झाडं उभी आहेत ती देवाच्या भीतीने उभी आहेत.

मी गुरवाच्या घरातली. सासऱ्यांच्या मागे आता नवरा पूजा करतो. सहाणेजवळ, तुम्हाला जे मांडता येत नाही ते कदाचित मला माहीत आहे, कारण आमच्या गावी पेव्हर ब्लॉक बसून सहा वर्षं झाली.

आमच्याकडे पालखी खूण काढते. बाकीच्यांसाठी सांगते: मानकरी पालखीच्या नकळत मैदानात कुठेतरी नारळ पुरून ठेवतात. मग पालखी खांद्यावर घेतली की ती ओढ घेते, पुढे जाते, मागे येते, गोल फिरते आणि शेवटी एका जागी दांडा टेकते. तिथे उकरलं की नारळ. लहानपणी तो नारळ वर निघाला की माझ्या अंगावर काटा यायचा. ब्लॉक बसल्यावर पुरायचं कुठे? पहिल्या वर्षी कडेच्या फुलझाडांच्या पट्टीत पुरला. आठ फूट रुंद पट्टी, पालखी नाचवायला वावच नाही. दुसऱ्या वर्षी दोन ब्लॉक उचकटून त्याखाली ठेवला, तर ते सैल ब्लॉक लांबूनच ओळखू येत होते. तिसऱ्या वर्षापासून खूण बंद. कोणी ठराव केला नाही, कोणी भांडलं नाही. बंद झाली एवढंच.

होळीचंही तेच. सुरमाड किंवा आंबा तोडून आणतात, नाचवत आणतात, आणि पुरुषभर खड्ड्यात उभा करतात. आमच्याकडे आता लोखंडी नळी काँक्रीटमध्ये बसवली आहे, तिच्यात मावेल एवढंच बारीक झाड आणावं लागतं.

पैसे देणाऱ्यांचा भाव खोटा नव्हता. त्यांनी देवीला फरशी दिली, आणि देवीला लागत होती माती. आता चाकरमानी दादा, तुमच्या आईंना सावली हवी हे शंभर टक्के बरोबर. पण आमच्याकडे पूर्वी पाच दिवस माडाच्या झावळांचा मांडव घालायचे. प्रत्येक वाडी आपल्या वाटणीच्या झावळ्या विणून आणायची. तो मांडव गेल्यावर ते विणायला बसणंही गेलं.

बंदरावरून, ९ फेब्रुवारी

वाचत होते, राहवलं नाही.

आमची सुकवणीची जागा अशीच गेली. आठ वर्षांपूर्वी बंदरावर आधी एक फोटो ठेवला, मग घुमटी, मग चबुतरा, मग जाळी. देव आमचाच. मीच तिथे रोज उदबत्ती लावायचे. पण जाळी लागल्यावर आत सुकट पसरायला मनाई झाली, वास येतो म्हणून. आमच्याच वाडीतल्या पोरांनी मनाई केली. जवळा, सुकट, खारवलेला बांगडा हे पावसाळ्याची बेगमी आहे आणि माझ्या हातात येणारा पैसाही आहे. होडीचा पैसा नवऱ्याकडे, सुकवलेल्या मासळीचा माझ्याकडे. जागा गेली म्हणजे माझं काय गेलं ते कळेल.

नारळी पौर्णिमा आम्हीही बंदरावरच करतो. ३१ जुलैला बंदी उठते, समुद्र अजून खवळलेला असतो, घरातला पुरुष त्यात जाणार असतो. तेव्हा दर्याला नारळ द्यायला सगळं गाव येतं, वाजंत्री असते, रस्ता दोन तास बंद. कोणी तक्रार करत नाही. संध्याकाळी बंदर पुन्हा बंदर असतं, बर्फाची गाडी येते, जाळी विणायला माणसं बसतात.

तुमच्या मैदानावर कोणत्या बाया मासळी घालतात, त्यांना ग्रामसभेत बोलवा. त्या आपणहून येणार नाहीत. देवीच्या विरोधात बोलल्या असं व्हायला नको म्हणून घरी बसतील.

सातबारा, १० फेब्रुवारी

भावनेच्या आधी कागद बघा. मी वकील नाही, पण गावाच्या दोन प्रकरणांत तलाठी कार्यालयात खूप फिरलोय.

पहिलं, मैदानाचा उतारा काढा. गावठाण, गायरान, सरकारी पड की खाजगी, हे ठरल्याशिवाय ग्रामसभेच्या ठरावाला अर्थ नाही. दुसरं, सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९ ला सांगितलंय की सार्वजनिक रस्ते, उद्यानं, सार्वजनिक जागा यांवर मंदिर, मशीद, चर्च, गुरुद्वारा यांच्या नावाने नवीन अनधिकृत बांधकाम होऊ देऊ नये. २०११ मध्ये जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढण्याबद्दल त्याच न्यायालयाने सगळ्या राज्यांना बजावलं. तिसरं, समुद्राला लागून म्हणताय, म्हणजे किनारा नियमन क्षेत्र आलं. भरतीरेषेपासून अंतर मोजा. परवानगीशिवाय बांधलं आणि उद्या नोटीस आली तर देवीचं बांधकाम पाडलं म्हणून गाव पेटेल. ती वेळ आणायचीच कशाला?

पालखीला यातलं काही आड येत नाही. राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने धर्म आचरण्याचं स्वातंत्र्य दिलंय, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य सांभाळून. जाऊन येणारी मिरवणूक आणि कायमची भिंत यांत कायदाही फरक करतो.

रात्रपाळी, १० फेब्रुवारी

चार कर्णे हा शब्द वाचून लिहायला बसले. मी परिचारिका आहे, किनाऱ्यावरच्या एका ग्रामीण रुग्णालयात. नाव सांगत नाही.

ढोल-ताशाबद्दल माझी तक्रार नाही. पालखी येते, अर्धा तास आवाज होतो, पुढे जाते. खिडकीतून रुग्णसुद्धा हात जोडतात. मला त्रास होतो तो रोजच्या कर्ण्याचा. पहाटे साडेचारला सुरू होणारी भक्तिगीतं, तीच, त्याच क्रमाने, वर्षभर. तिथे गाणारं कोणी नसतं. पेन ड्राइव्ह असतो आणि टायमर असतो. त्या वेळी वॉर्डात बाळंतीण असते, जिला रात्रभरात पहिल्यांदा डोळा लागलेला असतो.

नियम २००० सालापासून आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचं शंभर मीटर सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं. सणांसाठी वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत रात्री बारापर्यंत सूट सरकार देऊ शकतं. ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा आवश्यक भाग नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये स्पष्ट म्हटलंय. मी हे सगळं लिहून एकदा देवस्थानाकडे गेले होते. मला विचारलं, तुम्ही आपल्यातल्याच ना? हो, मी आपल्यातलीच. घरी सोळा सोमवार केलेली.

खाडीपलीकडे, ११ फेब्रुवारी

सहाणेजवळ भाऊ, तुम्ही उरुसाच्या दुकानांचा उल्लेख केलात म्हणून लिहितो. आम्ही दालदी, म्हणजे मुसलमान मच्छीमार. पिढ्यान्‌पिढ्या याच पाण्यात.

आमच्या अंगणात शिमग्याची पालखी यायची. माझी दादी नारळ आणि सव्वा रुपया द्यायची, स्वतः पुढे येत नसे, माझ्या हातात द्यायची. मी सात-आठ वर्षांचा असेन. पालखीतल्या चांदीच्या रूपांवर, म्हणजे मुखवट्यांवर, ऊन पडलेलं मला अजून दिसतं. दादी म्हणायची, गावाची आई आहे, दारावरून रिकामी जायला नको. ती स्वतः पाच वेळची नमाजी होती. पालखी आली म्हणून तिची नमाज कमी झाली नाही.

आमची मशीद लहान. ईदला दोनशे माणसं जास्त होतात, वीस मिनिटं रस्त्यावर सफा, म्हणजे नमाजाच्या रांगा, लागतात. पूर्वी कोपऱ्यावरचा दुकानदार स्वतः एसटी थांबवून धरायचा. दोन वर्षांपूर्वी कोणीतरी व्हिडिओ काढला, खाली नको ते लिहिलं, तो कुठल्या कुठे गेला. त्यानंतर आम्ही दोन जमाती करायला लागलो, म्हणजे नमाज दोनदा, अर्ध्या तासाच्या अंतराने. त्रास काही नाही. कर्णाही आतल्या बाजूला वळवला, आवाज कमी केला. तेही बरोबरच केलं, शेजारी शाळा आहे. पण ईदला एसटी थांबवणारा तो हात आता नाही, याचं दुःख मला आहे.

राजापूरचं सगळ्यांना ठाऊक असेल. शिमग्याचा माड मिरवत आणताना मशिदीच्या पायरीला टेकवायची तिथली जुनी रीत. २०२५ च्या शिमग्यात त्याच जागी घोषणा झाल्या, व्हिडिओ देशभर फिरले, गुन्हा नोंदवला गेला. मला त्यात कोण चूक हे इथे काढायचं नाही. माड पायरीला टेकायचा, म्हणजे कधीकाळी कोणीतरी तो टेकवू दिला आणि कोणीतरी अदबीने टेकवला. तो करार कागदावर नव्हता. बाहेरचा माणूस व्हिडिओत बघतो तेव्हा त्याला फक्त लाकूड आणि पायरी दिसते.

तुमच्या कुंपणाच्या आत उरुसाची दुकानं लागतील का, हे मी विचारत नाही. तुम्हीच ग्रामसभेत विचारा.

चवदार, १२ फेब्रुवारी

वहिवाट, रीत, जुना करार. तीन दिवस हे शब्द वाचतेय. सगळ्यांनी मनापासून लिहिलंय, म्हणून मीही मनापासून लिहिते.

मी महाडजवळची. बौद्ध. आमच्या वाडीत पालखी कधीच आली नाही. वाडीच्या वळणावर थांबायची, ढोल दोन मिनिटं जोरात वाजायचे, आणि परत फिरायची. आजोबा त्या वळणावर हात जोडून उभे राहायचे. १९५६ नंतर त्यांनी जाणं सोडलं. ही सुद्धा वहिवाटच होती.

तुम्ही सगळे मोकळ्या मैदानाबद्दल बोलताय, तर सार्वजनिक जागा म्हणजे काय याची या देशातली मोठी लढाई आपल्या कोकणातच झाली. १९२३ साली मुंबई कायदेमंडळाने सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला की सरकारी खर्चाच्या पाणवठ्यांवर, विहिरींवर, धर्मशाळांत अस्पृश्यांना मज्जाव नसावा. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळं खुलं असल्याचा ठराव केला. कागदावर सगळं झालं होतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसांसह चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्याच दिवशी अफवा उठवली की हे आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार, आणि परतणाऱ्या माणसांना वाटेत गाठून मारहाण केली. नंतर १०८ घागरी पंचगव्य घालून तळं शुद्ध केलं. सार्वजनिक तळ्यावर. मंत्र म्हणत. त्याच वर्षी डिसेंबरात बाबासाहेबांनी महाडात पुन्हा परिषद घेतली, तिला मंडप घालायला जागा मिळेना, ती एका मुसलमान जमीनमालकाने दिली. तळं सार्वजनिक आहे हे उच्च न्यायालयाकडून कायम व्हायला १९३७ उजाडलं.

म्हणून पावित्र्य राहावं म्हणून कुंपण हे वाक्य मी वाचलं तेव्हा माझ्या मनात काय आलं असेल ते बघा. पावित्र्य कोणापासून राखायचं, हे त्या वाक्यात लिहिलेलं नाही. लिहायची गरज कधीच पडत नाही.

आमचीही भक्ती रस्त्यावर असते. २० मार्चला महाडात लोक येतात तेव्हा गावचे रस्ते भरतात. १४ एप्रिलला आमच्या वाडीची मिरवणूक निघते. त्यामुळे स्पष्टवक्ता यांचा सगळंच बंद करा हा उपाय मला नको. तो आम्हाला पहिला लागू होईल. मला सहाणेजवळ यांना एकच विचारायचंय. तुमच्या गावात १४ एप्रिलची मिरवणूक त्या सहाणेसमोरून जाते का? गेली तर वाजत जाते का?

सहाणेजवळ, १३ फेब्रुवारी

चवदार ताई, उत्तर द्यायला एक दिवस घेतला, कारण मला खरं उत्तर द्यायचं होतं.

जाते. सहाणेच्या अलीकडे वीस पावलांवर वाद्य बंद करतात आणि पलीकडे गेल्यावर सुरू करतात. तीन वर्षांपूर्वी एका मुलाने बंद केलं नाही, तेव्हा आमच्यातले चारजण त्याच्याशी बोलायला गेले. त्या चारांत मी होतो. आवाज चढवला नव्हता, पण गेलो होतो. देवीचा मान म्हणून गेलो असं मी स्वतःला सांगितलं. आमची पालखी त्यांच्या बुद्धविहारासमोरून जाते तेव्हा ढोल बंद होत नाहीत, हे मला त्या दिवशी सुचलं नाही. काल रात्री सुचलं.

आणि पालखी त्या वाडीत जात नाही. का जात नाही असं मी लहानपणी विचारलं होतं. त्यांना नको असते, असं उत्तर मिळालं. मी ते धरून चाललो.

तुम्ही सगळ्यांनी लिहिल्यावर माझ्या पोटातल्या खड्ड्याला नाव मिळालं. आमची देवी पाच दिवस मैदानावर येते आणि मैदान परत देऊन जाते. ती पाहुणी म्हणून येते, त्यामुळे त्या पाच दिवसांची किंमत असते. तिला तिथे बारमाही बसवली तर मासळीच्या बाया, क्रिकेटची पोरं, उरुसाची दुकानं, १४ एप्रिल, सगळेच तिच्या दारात आगंतुक होतील. गावाच्या आईला हे आवडणार नाही असं मला वाटतं. ग्रामसभेत हेच बोलणार आहे. बंदरावरून ताईंचं ऐकून खारवी वाडीत उद्या जातोय. उतारा काढायला अर्ज दिलाय.

तळकोकण, १४ फेब्रुवारी

आमच्या मालवणी मुलखातली एक गजाल सांगतंय. आचऱ्याक रामेश्वराची गावपळण असता. देवाचो कौल झालो की आख्खो गाव तीन दिवस तीन रात्री वेशीभायर जाता, गुराढोरांसकट. सगळ्या धर्माची माणसां जातत. भायर झोपडी बांधतत, थंयच रांधतत, भजनां करतत. परत येताना झोपडी मोडून येतत. आमच्या गावच्या जत्रेकपण तसाच. दशावतार रातभर देवळाम्होरच्या पटांगणात, सकाळी दहीकालो झालो की पटांगण पोरांचा. कायमचा काय बांधूक व्हया असा आमच्या आज्या-पणज्यांक कधी वाटाक नाय. तेंच्याकडे पैसे नव्हते म्हणान नाय. सिंधुदुर्गातली देवळां बघा, दगडी कामा कशी आसत.

चाकरमानी_परळ, १५ फेब्रुवारी

सगळं वाचलं. खुणेचं वाचून वाईट वाटलं, आमच्या गावीही ब्लॉक बसवायचे होते, ते मी थांबवतो. कुंपणही नको, पटलं.

पण एक सांगतो. मुंबईहून पैसा आला की गाव बिघडतं, असा सूर इथे हळूहळू येतोय, तो मला मान्य नाही. त्या पैशांतूनच देवळाची कौलं बदलली आणि शाळेला खोली मिळाली. आणि माझ्या आईच्या सावलीचं उत्तर झावळांचा मांडव हे असेल, तर तो विणायला गावात माणसं किती उरलीत हेही बघा. आमच्या वाडीत अठरा घरांपैकी अकरा बंद आहेत.

सहाणेजवळ, २३ फेब्रुवारी

काल ग्रामसभा झाली. चार तास. काही लिहायला हात धजत नाही, पण शब्द दिला होता.

उताऱ्यात मैदानाचे दोन तुकडे निघाले. समुद्राकडचा मोठा तुकडा सरकारी, सहाणेचा लहान तुकडा गावठाणात. मंडळाचे लोक त्यावरच हबकले. कुंपण आणि फाटक रद्द झालं. पेव्हर ब्लॉक रद्द झाले, आणि ते माझ्या बोलण्याने नाही, ऐंशी वर्षांच्या एका मानकऱ्यामुळे. ते उठले आणि एवढंच म्हणाले, खूण कुठे पुरू ते मला आधी दाखवा. सगळे गप्प झाले. देवळाशेजारी ताई, हे तुमचंच.

खारवी वाडीतल्या सहा जणी आल्या होत्या. एक बोलली. बाकीच्या तिच्यामागे उभ्या राहिल्या. समुद्राकडची बाजू सुकवणीला मोकळी राहील असा ठराव झाला.

यंदा मांडव कापडाचा, भाड्याचा, पाच दिवसांचा. झावळ्या विणायला माणसं नाहीत, हे चाकरमानी दादांचं खरं निघालं. जमलेल्या पैशांतून बायकांसाठी शौचालय बांधायचं, ते थांब्याच्या बाजूला. कर्णे लावायचे की नाही यावर नुसती वादावादी झाली, निर्णय नाही. नव्या मूर्तीचा विषय पुढच्या वर्षावर ढकललाय, तो परत येणार.

मी शेवटी पालखी बौद्धवाडीत जाण्याचा विषय काढला. कोणी विरोध केला नाही. गावकार म्हणाले, देवीला कौल लावू. मला तेव्हा बरं वाटलं. घरी आल्यावर चवदार ताईंचं लिहिणं पुन्हा वाचलं आणि लक्षात आलं की देवीला विचारायचं ठरलं, वाडीला विचारायचं कोणी म्हणालं नाही. मीही नाही. आज सकाळी वाडीत गेलो. त्यांनी बसायला दिलं, चहा दिला. एक आजोबा म्हणाले, पालखी आमच्याकडे नको, आमचा देव तो नाही. वाद्याचं तेवढं बघा.

ते मी आता बघतो. मानकऱ्यांशी एकेकट्याने बोलायला सुरुवात केलीय. सातांपैकी तिघे हो म्हणालेत. आमची पालखी विहारासमोरून जाताना ढोल थांबवायचे, हेही त्यांना सांगितलंय, आणि त्यावर तिघांपैकी एक पुन्हा विचारात पडलाय.

आमचे तेरसे, म्हणजे त्रयोदशीचे शिमगे. होळीचा खड्डा साफ करायला उद्या सकाळी तिघे जातोय.

चवदार, २३ फेब्रुवारी

आजोबांनी बरोबर सांगितलं. मीही तेच सांगितलं असतं.

उरलेल्या चौघांचं काय होतं ते कळवा. आणि १४ एप्रिलला मिरवणूक किती वाजता निघते?

सहाणेजवळ, २३ फेब्रुवारी

संध्याकाळी पाचला निघते, सहाणेपाशी सहाच्या सुमारास येते. चौघे तोवर हो म्हणोत न म्हणोत, मी त्या दिवशी सहाणेवर उभा असेन. कोणी बोलायला आला तर आधी माझ्याशी बोलेल.